आज्जाचा उजवा हात

येलहंका, ११ फेब्रुवारी २०२४

अण्णा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. कागद खराब झाला त्याबद्दल माफ करा.

तुम्हाला फोन करून उपयोग नाही, तो देवाप्पा उचलतो. मेसेजही तोच वाचतो आणि उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र टाकतो. पण तुमचा हा मॅनेजर होसकोट्याचा. कानडी आणि इंग्रजी सोडून त्याला काही वाचता येत नाही. म्हणून मराठीत लिहितेय. आज्जाने आधी तुम्हाला आणि पंचवीस वर्षांनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून, पाठीत धपाटे घालून मराठी शिकवलं, त्याचा एवढा तरी फायदा होऊ दे.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी आज्जाला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचाही गेल्यातच जमा. एअरफोर्सच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं नट-बोल्ट मोजून देणारा माणूस आता शर्टाची बाही शोधत बसतो. मी एचएसआर लेआउटला कामावर जाते तेव्हा मदतीला ठेवलेली यल्लव्वा त्याच्याजवळ असते.

एक नाव मात्र त्याच्या तोंडून अजून स्वच्छ येतं. तुमचं. पडद्यावरचं ‘युगवीर’ नाही, ‘रणजीत’. गेटपाशी गाडी थांबली की म्हणतो आणि तिकडे बघत राहतो.

तुम्ही अनाथ आहात आणि मठात वाढलात, हे तुमच्या मुलाखती वाचून मला पाठ झालंय. त्या अनाथाने एकदा येऊन बापाला भेटून जावं. मला दुसरं काही नको.

दिव्यश्री

ता. क. पेपरात तुमचं वय बेचाळीस आलंय. तुमची मुलगी चोवीस वर्षांची आहे हे मी कुणाला सांगत नाही, निश्चिंत असा.


बेंगळुरू, २ मार्च

प्रिय दिव्या,

तुझं पत्र देवाप्पाने फोडलं, उलटसुलट बघितलं आणि ‘सर, कुणी फॅन आहे, हिंदीत लिहिलंय’ म्हणून टेबलावर टाकलं. मी ते बाथरूममध्ये जाऊन वाचलं. माझं खरं नाव मी कितीतरी दिवसांनी कुणाच्या अक्षरात बघितलं.

बंगल्याला रंग द्यायचा म्हणून या हॉटेलात आलो, त्याला चौदा महिने झाले. रंग कधीच वाळला. पण तिथे गेलं की कुठल्या खोलीत बसायचं तेच सुचत नाही. इथे निदान एकच खोली आहे. सकाळी इडल्या मागवतो, एक खातो, बाकीच्यांकडे बघत बसतो. माझं हे असं चाललंय, तुला खोटं वाटेल.

येण्याचं म्हणशील तर सध्या अशक्य आहे. २०१७ ला आलो तेव्हा लोकांना शूटिंग वाटलं आणि शेजारच्यांच्या कंपाउंडची भिंत पडली, आठवतं ना? व्हीलचेअर आणि हवेची गादी पाठवतोय. देवाप्पाला ‘एक म्हातारा फॅन आहे’ असं सांगितलंय, तू तसंच म्हण.

पण मला त्याच्याबद्दल सगळं लिही. जेवतो कसा? कोणत्या हाताने? चमचा धरता येतो का? बोलायला गेला की तोंड कसं होतं? राग आला तर काय करतो? आरशात बघतो का? आंघोळ कोण घालतं?

तुझा,
अण्णा


येलहंका, ९ मार्च

अण्णा,

गादी मिळाली. व्हीलचेअर आपल्या दारातून आत जात नाही, ती अंगणात आहे.

मी कंपनीत दिवसभर चिडलेल्या ग्राहकांना माफीची पत्रं लिहिते. त्यामुळे तुमच्या पत्राचा वरचा भाग ओळखीचा वाटला. गैरसोयीबद्दल दिलगीर, कारण आमच्या हाताबाहेरचं. पण खाली तुम्ही सात प्रश्न विचारलेत. मी मोजले. माझ्या बारावीच्या निकालाला तुम्ही एकही विचारला नव्हता. खरं सांगते, ते सात प्रश्न वाचून मला रडू आलं. मनात म्हटलं, आता येतील.

ऐका तर. तो डाव्या हाताने जेवतो आणि त्याला त्याची फार लाज वाटते. आयुष्यभर डाव्या हाताने पाण्याचा पेला दिला तरी ओरडणारा माणूस. म्हणून जेवताना भिंतीकडे तोंड करून बसतो. चमचा निसटतो, तर मी त्याच्या दांड्याला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून दिलीय. बोलायला गेला की तोंडातून पाढा निघतो. भूक लागली तरी बे एके बे, दुखलं तरी बे एके बे. स्वतःलाच ते ऐकून इतका राग येतो की एक शिवी देतो, ती मात्र एकदम चोख. यल्लव्वा आता पाढ्यावरूनच ओळखते. चौदापर्यंत थांबला तर चहा, वीसपर्यंत गेला तर बाथरूम. तिने काही विचारलं की होकाराचं ‘सरी’ म्हणतो. आरशात बघत नाही, मी आरसा काढून ठेवलाय. आंघोळ मी घालते.

रविवारी दुपारी दोनला या. गल्ली झोपलेली असते. मास्क घाला, टोपी घाला, गाडी पोस्टापाशी ठेवा.

दिव्यश्री


बेंगळुरू, ३० मार्च

प्रिय दिव्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू फार छान लिहितेस. आमच्याकडे लाखो रुपये घेणाऱ्या लेखकांना त्या टॉवेलच्या पट्टीसारखं काही सुचत नाही.

उगादीला येतो. नक्की. त्या दिवशी शूटिंग नाही.

तोवर एवढं कळव. मान कोणत्या बाजूला कलते? लाळ पुसताना तो विरोध करतो का? गिळताना ठसका लागतो तेव्हा डोळे मिटतो की मोठे करतो? रागावताना उजवा खांदा जरा तरी हलतो का?

अण्णा


येलहंका, १४ एप्रिल

अण्णा,

उगादीला आज्जाने सकाळीच पांढरा शर्ट घालून घेतला. खुर्ची गेटाकडे तोंड करून मांडायला लावली. पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. चार वाजता मी खुर्ची आत घेतली. साडेसहाला देवाप्पाचा मेसेज आला, ‘हॅपी उगादी, टीम युगवीर’.

गोजरा आत्या आली होती. ती म्हणाली, ‘अगं, तू त्या आज्जाला अरे-तुरे करतेस आणि अण्णाला अहो-जाहो, हे उलटं कसं?’ मी म्हटलं, घरच्या माणसाला अरे-तुरे करतात.

तुमची उत्तरं. मान उजवीकडे. विरोध करतो. मोठे करतो. खांदा हलत नाही. याहून जास्त हवं असेल तर स्वतः येऊन बघा, आमच्याकडे तिकीट नाही.

दिव्यश्री


बेंगळुरू, २१ एप्रिल

दिव्या,

रागावू नकोस. मी निघालो होतो, देवाची शपथ. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर गाडी अडकली. शेजारच्या बसमधल्या एका बाईने मला ओळखलं, मग सगळी बस खिडकीला आली. मी हात हलवला, हसलो आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. परत खोलीत आलो आणि तीन तास टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसलो.

एकच विचारतो. मी येणार नाही हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने काय केलं? रडला का? त्या उजव्या हाताचं काय केलं? फक्त हाताबद्दल लिही. माझ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, का ते नंतर सांगेन.

अण्णा


येलहंका, १३ मे

अण्णा,

उत्तराला उशीर झाला. घरात पाहुणे होते.

हाताबद्दल लिही म्हणालात. त्या दिवशी मी खुर्ची आत घेतली तेव्हा आज्जाने डाव्या हाताने आपल्या उजव्या हाताचं मनगट धरलं. पिठाचा डबा उचलावा तसा तो हात हळूहळू वर नेला आणि स्वतःच्याच डोक्यावर ठेवला, आशीर्वाद देतात तसा. डोळे मिटले आणि म्हणाला, ‘रणजीत आला.’

आता रोज संध्याकाळी दिवा लावला की करतो. हात घसरतो. पुन्हा ठेवतो. पुन्हा घसरतो. तिसऱ्यांदा घसरला की मांडीवर सोडून देतो आणि पाढा म्हणतो.

तुम्ही आलात तर समोर बघायला मिळेल. येता का? यापुढे मी हे विचारणार नाही.

दिव्यश्री


बेंगळुरू, २५ मे

माझी गुणी पोर,

हे वाचून मी खोलीत फेऱ्या मारत होतो. हात घसरतो तेव्हा बोटं केसांत अडकतात का? मनगट सोडतो की धरूनच ठेवतो? ‘रणजीत आला’ हे श्वास घेऊन म्हणतो की सोडून? लवकर कळव, शक्यतो या आठवड्यात.

येण्याचं जूननंतर बघू.

अण्णा


येलहंका, २ जून

अण्णा,

अडकतात. करंगळी कानामागे राहते. मनगट धरूनच ठेवतो. श्वास सोडून म्हणतो.

येण्याचं राहू द्या.

दिव्यश्री


बेंगळुरू, १८ नोव्हेंबर

प्रिय दिव्या,

आता तुला सांगायला हरकत नाही, तसं तुला कळलंच असेल. मी लकवा झालेला बाप केलाय, त्या सिनेमाचा हा सहावा आठवडा. तुमच्या येलहंका सर्कलला साठ फुटी कटआउट लागलंय, हात डोक्यावर ठेवलेलं. लोक शिडी लावून त्याच्यावर दूध ओततात. कॉलेजची पोरं एकमेकांना भेटली की तसा हात करतात. इतकी वर्षं मी गुंडांना मारलं आणि झाडांभोवती नाचलो, कुणी नट म्हणालं नाही. आता म्हणतात. एका बाईंनी लिहिलंय की त्या हातात सगळ्या जगाचे बाप आहेत.

हे तुझ्यामुळे झालं. आणि त्याच्यामुळे. मी ठरवलंय, आता लपवायचं नाही. १ डिसेंबरला मोठा सत्कार आहे, टीव्हीवाले येणार आहेत. तिथे मी सांगणार की मी अनाथ नाही. माझा बाप आहे, हा बघा. देवाप्पालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, सर, लोकांना असं फार आवडतं.

तर आज्जाला तयार ठेव. देवाप्पा सकाळी ॲम्ब्युलन्स पाठवेल. व्हीलचेअर स्टेजवर आणतील, मी त्याच्या पायाशी बसेन आणि त्याने तो हात या वेळी माझ्या डोक्यावर ठेवायचा. त्याच्याकडून दोन-तीन दिवस सराव करून घेशील ना? पांढरा शर्ट घाल. आणि तूही ये, पहिल्या रांगेत तुझी खुर्ची असेल.

तुझा,
अण्णा


येलहंका, २२ नोव्हेंबर

अण्णा,

ॲम्ब्युलन्स पाठवू नका. आज्जा २ मे रोजी वारला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी.

मी देवाप्पाला बारा फोन केले. बाराव्याला त्याने उचलला. त्याच्या लेखी मी एका म्हाताऱ्या फॅनची नात होते, तरी तो बरा बोलला. म्हणाला, ‘मॅडम, सर कॅरेक्टरमध्ये आहेत. तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. उजवा हात बांधून ठेवलाय, डाव्या हाताने जेवतात, तेही भिंतीकडे तोंड करून. काही निरोप आहे का?’ मी नाही म्हटलं. तुम्ही आज्जा होण्यात गुंतला होतात, तेव्हा आज्जा गेल्याचं सांगून तुमचा खोळंबा कशाला करायचा.

तुमचे सात प्रश्न कशासाठी होते ते मला तेव्हा कळलं. आज्जा आतल्या खोलीत होता, यल्लव्वा त्याची हनुवटी बांधत होती आणि मी अंगणात त्या व्हीलचेअरवर बसले होते. तुमच्यासाठी मी टॉवेलच्या पट्टीपासून त्याच्या लाळेपर्यंत सगळं काढून दिलं, या विचाराने मला शिसारी आली.

अग्नी मी दिला. गोजरा आत्या म्हणाली, पोरी देत नाहीत. मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि ‘सरी’ म्हणाली. तिला मी सांगितलं होतं की अण्णांना कळवलंय, शूटिंगमुळे येता येत नाही. तिने किंवा गल्लीतल्या कुणीही पुढे एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही येणार नाही यावर लोकांचा इतका विश्वास आहे.

श्रीरंगपट्टणला राख सोडून, बारावा करून घरी आले. केस ओले होते. तशीच बसून तुम्हाला १३ मेचं पत्र लिहिलं. हात मनगटाला धरून उचलणं, डोक्यावर ठेवणं, तीनदा घसरणं, ‘रणजीत आला’, सगळं मी रचलं. करंगळी तुम्ही मागितलीत म्हणून नंतर दिली. आज्जाने असं कधीही केलेलं नाही.

त्या पत्रात मी तुम्हाला ‘येता का’ विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाला असतात तर मी गेटात उभं राहून सांगितलं असतं आणि आपण दोघं रडलो असतो. तुम्ही विचारलंत, बोटं केसांत अडकतात का.

सिनेमा मी यल्लव्वाला घेऊन बघितला. पाढ्याला थिएटर हसलं, हाताला रडलं. यल्लव्वाने मला कोपराने ढोसून विचारलं, ‘ताई, आपले आज्जा असं कधी करत होते?’ मी तिला म्हटलं, गप्प बस आणि बघ, पैसे भरलेत.

दिव्यश्री


बेंगळुरू, ९ डिसेंबर

दिव्या,

तुझं पत्र २७ तारखेला मिळालं. सत्काराच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. टीव्हीवाल्यांना ‘मोठी बातमी’ म्हणून सांगून झालं होतं. देवाप्पा म्हणाला, सर, सहा महिन्यांपूर्वी वारले असं म्हटलं तर लोक विचारतील, तेव्हा तुम्ही कुठे होतात. म्हणून मी स्टेजवर सांगितलं की माझे वडील परवा गेले.

तू बघितलंच असशील. मी डोक्याचं मुंडण केलंय. मिशीही काढली. पुढचं शूटिंग फेब्रुवारीत आहे, तोवर केस येतात. मी हात डोक्यावर ठेवला आणि समोरच्या तीन हजार माणसांनी उभं राहून आपापल्या डोक्यावर हात ठेवला. पाच मिनिटं कुणी हललं नाही. मला त्या वेळी काही वाटलं नाही. मी लाइट कुठून येतोय ते बघत होतो.

खोलीत आल्यावर दार लावून रडायला बसलो. आरशासमोर नाही, शपथेवर सांगतो. आलं नाही. मग हात आपोआप वर गेला. मुंडणामुळे बोटं अडकायला केस नव्हते, तर नुसताच घसरला. मला माझ्या बापाचं म्हणून जे काही करता येतं, ते सगळं तुझं रचलेलं आहे. खरं काही आठवायला गेलो तर फक्त पाठीतला धपाटा आठवतो.

तू मला फार वाईट मारलंस. मारायला हवं होतं, मान्य आहे.

आता सिनेमा नाही, देवाप्पा नाही, कुणासाठी नाही. माझ्यासाठी विचारतो. शेवटी त्याने माझं नाव घेतलं का? तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस की तेवढं एक नाव त्याच्या तोंडून स्वच्छ येतं. त्याच्यावर मी हे आठ दिवस काढले. ते तरी खरं होतं ना?

रणजीत


येलहंका, १५ डिसेंबर

अण्णा,

नाही.

आज्जाला झटका आला त्या दिवसापासून त्याच्याकडे तीनच गोष्टी उरल्या होत्या. बेचा पाढा, ती शिवी आणि ‘सरी’. ‘रणजीत’ त्याने फेब्रुवारीत म्हटलं नाही आणि मेमध्येही नाही. झटक्याच्या आधीही तुमचा विषय निघाला की तो उठून बागेत पाणी घालायला जायचा. तुमचं पोस्टर दिसलं की रस्ता ओलांडायचा. त्याने तुम्हाला सोडून दिलं होतं, केव्हाच. मला ते जमलं नव्हतं.

उगादीला त्याने पांढरा शर्ट घालून घेतला नाही. तो बनियनवर होता आणि दुपारभर झोपला. नवीन ड्रेस मी घातला होता. पोळ्या मी केल्या, पहिल्या दोन करपल्या म्हणून पुन्हा केल्या. गेटाकडे तोंड करून खुर्ची मी मांडली आणि तिच्यावर चार वाजेपर्यंत मीच बसले होते. गाडी थांबली की मी बघायची.

तो हातही मी सगळा रचला नाही. मागच्या वेळी अर्धंच सांगितलं. मी सात वर्षांची असताना तुम्ही घर सोडलंत. पुढच्या वर्षी आई मंगळूरला गेली, तिने दुसरं लग्न केलं. त्यानंतरच्या वाढदिवसाला आज्जाने ओवाळलं आणि म्हणाला, आता वडिलांच्या पाया पड. सवयीने म्हणाला आणि तबक घेऊन आत गेला. मी मोरीत गेले, दार लावलं, डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं, म्हणजे तो हात दुसऱ्याचा वाटतो, आणि डोक्यावर ठेवला. हळूच म्हटलं, ‘अण्णा आले.’ बारा वर्षांची होईपर्यंत दर वाढदिवसाला करायची. करंगळी कानामागे राहायची.

तेव्हा लोक तुम्हाला सांगतात की तुम्ही बाप हुबेहूब उभा केलात, ते चूक आहे. तुम्ही मला उभं केलंत. साठ फुटी, येलहंका सर्कलला. मी रोज बसमधून बघते आणि खरं सांगायचं तर तुम्ही काम चांगलं केलंय.

आज्जा तुमची वाट बघत नव्हता, अण्णा. मी बघत होते. आता मीही नाही. व्हीलचेअर यल्लव्वाच्या सासूला दिली.

दिव्यश्री